सतारमेकर गल्ली : बघायची की ऐकायची?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय आहे मिरजेची सतारमेकर गल्ली. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, मैफलीची होते. गल्लीची समीक्षा कशी करायची, असं कोणी विचारेल. माझं उत्तर असं की, एखाद्या जुन्या बाजारपेठेचा आपण काही ना काही अर्थ लावतच असतो. फोटो काढताना लावतो, लेख लिहिताना लावतो, सरकारी योजना आखताना तर लावतोच. तो अर्थ चुकीचा लागला तर त्या जागेचं नुकसान होतं. म्हणून तो तपासायला हवा.

माझा मुद्दा सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना सोपं जाईल. जुनी पेठ आणि तिथे चालणारं संगीत, असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सजवलेला रस्ता आणि कोपऱ्यावरचं स्टेज येतं. मिरजेत संगीत रस्त्याच्या कोपऱ्यावर नाही, दुकानाच्या आत आहे. वाद्य करणारा आणि वाद्य घेणारा शेजारी बसून एकच तार ऐकतात, तिथे ते सुरू होतं. ते ऐकणं टिकलं तर गल्ली टिकेल. नुसतं रूप टिकलं, तर एक छान देखावा शिल्लक राहील.

आता गल्लीकडे येऊ. मिरज हे सांगली जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शनचं गाव. लोकांना ते दोन गोष्टींसाठी माहीत असतं, दवाखाने आणि तंतुवाद्यं. गल्लीत अरुंद दर्शनी भागाची दुकानं आहेत. भोपळे टांगलेले, भिंतीला सतारी आणि तंबोरे टेकवलेले, आणि आतल्या बाजूला कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर चारदोन माणसं जमिनीवर बसून काम करतायत. विकण्याची जागा आणि घडवण्याची जागा यांच्यात फारसं अंतर नाही. आजच्या बाजारात ही गोष्ट दुर्मीळ झाली आहे. आपण मोबाइल घेतो, तो कोणी जोडला हे आपल्याला कधी कळत नाही. इथे तंबोरा घेताना तो ज्यानं घडवला तोच माणूस समोर बसलेला असतो.

गल्लीचं नाव बघा. ‘सतारमेकर’. निम्मा शब्द आपला, निम्मा इंग्रजी. आणि ते आडनावही आहे. ही घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी, त्यांना धार लावणारी. १८१८ मध्ये पेशवाई संपली, लढाया थांबल्या, तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान होतं आणि दरबारात गाणं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोहिउद्दीन या दोघांनी आपला हात वाद्यांकडे वळवला, अशी या धंद्याची सुरुवात सांगितली जाते. हत्यार गेलं आणि हातात सतार आली. ही गोष्ट इतकी सुबक आहे की प्रत्येक लेखाची सुरुवात तिनंच होते. पण तिच्यातला खरा भाग मला वेगळा वाटतो. मिरजेचा कारागीर पहिल्यापासून मागणीकडे बघून बदलत आला आहे. तो कधीही ‘परंपरा जपणारा’ म्हणून बसून राहिला नाही. आपण त्याला परंपरेत कोंडायला जातो.

मागणी कशी बदलली तेही बघू. आधी दरबार. मग शाळा. इथे एक नाव घ्यायलाच हवं, पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे गेले, आणि ते मिरजेला आले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारातलं गाणं वर्गात आलं. आता विचार करा, एका दरबाराला तंबोरे किती लागणार? चार, सहा. पण गाण्याचा क्लास गावोगाव निघाला, मध्यमवर्गातल्या मुली गाणं शिकायला लागल्या, की घरोघर तंबोरा लागतो. सतारमेकर गल्लीचा मोठा काळ या क्लासनं घडवला. रेल्वेनं त्याला हात दिला, कारण भोपळ्याचं वाद्य बैलगाडीतून मुंबईला पाठवणं सोपं नव्हतं.

दुसरं नाव उस्ताद अब्दुल करीम खाँ. त्यांचाही जन्म १८७२चा. किराणा घराण्याचे हे गायक मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर असताना सिंगपेरुमाळकोविल या रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं, आणि दफन मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. खाँसाहेब बीन वाजवत, वाद्यांची दुरुस्ती स्वतः करत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींवर संशोधन करत होते, त्या कामात खाँसाहेबांचा कान त्यांनी घेतला. किराणा गायकी म्हणजे एकेका स्वरावर सावकाश थांबणं. असा थांबणारा गायक तंबोऱ्यात खोट असेल तर ती लगेच पकडतो. असं गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर राहत असेल, तर कारागिराचा कान तयार होणारच. चांगल्या वाद्याची गोष्ट सांगताना आपण लाकडाचं कौतुक करतो. मी म्हणेन, चांगलं वाद्य चोखंदळ गिऱ्हाइकामुळे होतं.

आता जरा दुकानाच्या आत जाऊ. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, भीमेच्या काठचा. हा खायचा भोपळा नाही. कडू, जाड सालीचा, महिनोन्‌महिने वाळवलेला. दांडीला आणि तबलीला बहुतेक तूनचं लाकूड. मग कोरीव काम, पॉलिश, खुंट्या, तारा. हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून फोटोत हेच येतं. पण तंबोरा अजून तंबोरा झालेला नसतो. तो होतो जवारी लागल्यावर.

जवारी म्हणजे काय? घोडीचा, म्हणजे ज्या पट्टीवरून तारा जातात तिचा, माथा किंचित गोलसर असतो. तार छेडली की ती त्या माथ्याला पुन्हापुन्हा हलकासा स्पर्श करते. त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो, आणि एका षड्जात वरचे स्वर उमलल्यासारखे ऐकू येतात. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलं होतं. साध्या तारेचा नियम असा की, ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो तिथेच तार छेडली, तर तो उपस्वर ऐकू यायला नको. तंबोऱ्यात आणि वीणेत तो तरीही ऐकू येतो, आणि त्याचं कारण घोडीच्या घडणीत आहे, हे रामन यांनी दाखवलं. म्हणजे पदार्थविज्ञानानं दखल घ्यावी असं काहीतरी या गल्लीत कानसेनं घासून केलं जातं. केसाएवढं जास्त घासलं तर आवाज बिघडतो. मग तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जागा शोधायची. एका गायकाला खुली जवारी हवी, दुसऱ्याला बंद. पुरुषाच्या पट्टीला वेगळी, बाईच्या पट्टीला वेगळी. कुठल्या मापपट्टीवर हे लिहिलेलं नाही. कारागीर घासतो, तार छेडतो, ऐकतो, गिऱ्हाइकाकडे बघतो. गिऱ्हाईक मान हलवतं किंवा हलवत नाही.

माझ्या मते गल्लीतलं जिवंत संगीत ते हेच. त्याला टाळ्या नाहीत, तिकीट नाही. बाहेरच्या माणसाला तर वाटेल, हा एकच सूर किती वेळ वाजवतोय!

आणि आता टीकेकडे येते. जुन्या पेठा सजवण्याचा एक ठरलेला साचा सध्या देशभर दिसतो. दर्शनी भाग एका रंगात रंगवायचा, फरशी घालायची, जुन्या धाटणीचे दिवे लावायचे, आणि शनिवार-रविवारी तोंडाशी स्टेज टाकून गाणं ठेवायचं. हेतू वाईट नसतो. गिऱ्हाईक येतं, चहावाल्याचा धंदा होतो. पण हा साचा सतारमेकर गल्लीत आणला तर काय होईल? तोंडाशी लाउडस्पीकर लागला की आत जवारी लावता येणार नाही. ज्या दिवशी ‘संगीताचा अनुभव’ म्हणून लोक येतील, नेमकं त्याच दिवशी आतलं संगीत बंद ठेवावं लागेल. सजावटीच्या योजनेची परीक्षा माझ्या लेखी इतकीच आहे. ती आल्यावर दुकानात तार नीट ऐकू येते का?

बाहेरचं एक उदाहरण घेऊ, कारण वाद्यांच्या गावाचा प्रश्न फक्त आपलाच नाही. इटलीतलं क्रेमोना हे स्ट्रॅडिव्हरीचं गाव, व्हायोलिनचं गाव. तिथली व्हायोलिन घडवण्याची कला २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेली. जानेवारी २०१९ मध्ये या गावात एक अजब गोष्ट झाली. जुन्या चार वाद्यांचे आवाज सुटेसुटे ध्वनिमुद्रित करायचे होते. त्यासाठी संग्रहालयाभोवतीचे रस्ते वाहतुकीला बंद केले आणि नगराध्यक्षांनी लोकांना विनंती केली, उगाच आवाज करू नका. महिनाभराहून जास्त काळ ते काम चाललं. एखादं गाव आपल्या वाद्यासाठी गप्प बसतं, हे मला फार आवडलं. पण पुढे बघा. हे ध्वनिमुद्रण कशासाठी होतं? ते आवाज संगणकात साठवावेत, म्हणजे उद्या वाद्य हातात नसलं तरी त्या सुरांची जुळणी करून संगीत रचता येईल, यासाठी. म्हणजे गावानं शांत बसून वाद्याचा आवाज वाद्यापासून वेगळा काढायला मदत केली.

मिरजेत हे आधीच घडून गेलं आहे. १९७९च्या सुमाराला बंगळुरूत जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. पुढे तो मोबाइलमध्ये आला. आज गाणं शिकणाऱ्या मुलांच्या घरी बहुधा तंबोरा नसतो, अ‍ॅप असतं. याबद्दल गळा काढणं सोपं आहे, पण मी काढणार नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत तंबोरा ठेवायचा कुठे? लोकलमधून क्लासला न्यायचा कसा? तार कोण लावून देणार? अ‍ॅपमुळे कितीतरी मुलं सुरात गायला शिकली. ते नाकारणं खोटेपणाचं होईल.

नुकसान झालं ते दुसरीकडे. घरात तंबोरा होता तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी जवारी उतरायची, आणि तो दुरुस्तीला जायचा. त्या निमित्तानं गाणारा आणि घडवणारा भेटायचे. विक्री एकदाच होते, दुरुस्ती पुन्हापुन्हा. कारागिराचा कान विक्रीवर तयार होत नाही, दुरुस्तीवर होतो. कारण दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक सांगतं, ‘मागच्या वेळी छान लागला होता, आता पंचम बोलत नाही.’ ही तक्रार म्हणजे त्याचं शिक्षण. अ‍ॅपबद्दल कोणी अशी तक्रार करत नाही, आणि केली तरी ती गल्लीत पोचत नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे, अभिनंदनच करायला हवं. मिरजेचं नाव लावून दुसरीकडचा माल विकणाऱ्याला त्यामुळे अडवता येतं. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, कानाचं करत नाही. अर्जात लाकूड, भोपळा, घडवण्याची रीत हे लिहिता येतं. कुठे थांबायचं, घासणं कधी पुरे झालं, हे लिहिता येत नाही. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं, आणि शेजारी बसायला पुढची पिढी हवी. दहा-बारा वर्षं कान घासून जे येतं त्याचा मोबदला जर एखाद्या सुट्या भागाच्या बदलीइतकाच मिळत असेल, तर मुलगा दुसरीकडे नोकरी बघणारच. त्याला परंपरेची आठवण करून देण्याचा आपल्याला काय अधिकार?

मिरजेवरच्या लिखाणातली आणखी एक सोपी वाट मला अडवते. मुसलमान कारागीर तंबोरा करतात, त्यावर भजन गायलं जातं. दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि मोठमोठे कलावंत तिथे हजेरी लावतात. इकडे अंबाबाईच्या देवळात नवरात्राचा संगीत महोत्सव होतो. हे सगळं खरं आहे, सुंदर आहे. पण लगेच ‘सलोख्याचं प्रतीक’ असा शिक्का मारून लेख संपवू नये. याच मिरजेत २००९ साली गणेशोत्सवात दंगल झाली, तीही खरीच आहे. संगीत दंगल थांबवू शकलं नाही. मग संगीतानं केलं काय? माझं उत्तर साधं आहे. दंगलीनंतरही देवळातल्या तंबोऱ्याची जवारी उतरली, तर तो याच गल्लीत आणावा लागतो. ती गरज प्रतीकापेक्षा टिकाऊ असते. देवळातला आणि दर्ग्यातला तंबोरा एकाच कानसेतून गेलेला असणं, हे भाषणातल्या सलोख्याहून मला जास्त मोलाचं वाटतं. आणि म्हणूनच तो व्यवहार आटणं जास्त धोक्याचं वाटतं.

मग करायचं काय? समीक्षकानं उपाय सांगू नयेत म्हणतात, तरी तीन गोष्टी सांगते. साध्या आहेत.

एक. गल्लीत काही करायचंच असेल तर आधी आवाज कमी करा. भोंगे, स्पीकर, गर्दीच्या वेळची वाहनं. फरशी नंतर घाला. येणाऱ्यांना चारजणांच्या गटानं दुकानात बसवा, आणि एकाच पट्टीत लावलेले दोन तंबोरे ऐकवा. एकाची जवारी खुली, दुसऱ्याची बंद. फरक कळला की त्या माणसाला गल्ली कळली. आणि त्या वेळेचे कारागिराला पैसे द्या. तो आपला वेळ देतोय, प्रदर्शनाला बसलेला नाही.

दोन. संगीतसभा, क्लास, महाविद्यालयं यांच्याकडे जे तंबोरे कोपऱ्यात खोळ घालून उभे आहेत, ते वर्षातून एकदा दुरुस्तीला पाठवा. नवीन वाद्य घेणं प्रत्येकाला जमणार नाही. जवारी लावून घेणं बहुतेकांना जमेल. उत्सवाच्या खर्चात मांडवाचा आकडा असतो, हाराचा असतो. जवारीचा का नसावा?

तीन. मैफलीत नावं घेताना घडवणाऱ्याचं नाव घ्या. आपण तबल्याच्या साथीदाराचं नाव घेतो, हार्मोनियमचं घेतो, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांचं घेतो, ध्वनिव्यवस्थेचं आणि प्रायोजकाचंसुद्धा घेतो. तंबोरा कुणाचा, हे कधी ऐकलंय? ज्या सुरावर सगळी मैफल उभी राहते, तो सूर ज्यानं लावला तो तेवढा निनावी. याला एक पैसाही खर्च नाही.

शेवटी, एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे. ‘तुमच्या म्हणण्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक तंबोरा वापरूच नये का?’ वापरा. रोजच्या रियाजाला जरूर वापरा. पण आयुष्यात एकदा तरी जवारी लागत असताना शेजारी बसा. अ‍ॅपचा सूर आपल्याला तयार मिळतो. तिथे तो कसा शोधला जातो हे ऐकायला मिळतं. एकदा ते ऐकलं की अ‍ॅपचा आवाजही तुम्ही वेगळ्या कानानं ऐकाल, आणि त्यात काय कमी आहे ते तुमचं तुम्हाला कळेल.

मिरजेला जाणार असाल तर एवढंच करा. गल्लीत शिरल्यावर मोबाइल खिशात ठेवा आणि दुकानदाराला विचारून पाच मिनिटं नुसते बसा. फोटो काय, निघतानाही काढता येतो.